भाडं घेतलंत, आता दार वाजवून या

"आम्ही मुसलमानाला खोली दिलीय." हे वाक्य घरमालक ज्या सुरात म्हणतात, तो सूर तुमच्याही कानावर आला असेल. शेजाऱ्यांशी बोलताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कधी कधी तर तुमच्यासमोरच. सगळा जोर "दिलीय" या शब्दावर. भाडं महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यात जमा होतं, डिपॉझिट आधीच घेतलेलं असतं, एजंट एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेऊन गेलेला असतो, तरी खोली दिलेलीच असते, सदका दिल्यासारखी. आणि आपणही गावी फोन करून सांगतो, "अम्मी, खोली मिळाली. माणसं चांगली आहेत, मुसलमानांनाही देतात."

माझं भांडण या देण्या-मिळण्याच्या भाषेशी आहे.

घर नाकारलं जातं, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झालंय. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात ही तक्रार नोंदलेली आहे. मुसलमान असल्यामुळे मुंबईत फ्लॅट मिळत नाही, असं २००८ मध्ये शबाना आझमींनी टीव्हीवर सांगितलं, तेव्हा त्यांच्यावरच टीकेची झोड उठली. दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा एक अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. दलित आणि मुस्लिम नावं सांगितली की दारं कशी बंद होतात, ते त्यात दिसलं. कायद्याचा आधार तोकडा आहे. खासगी घरमालकाने धर्म बघून खोली नाकारली तर त्याला थेट जाब विचारणारा केंद्रीय कायदा नाही, आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा 'फक्त पारशी' हा उपविधी वैध ठरवला. हे सगळं माहीत असलेलं आहे, मी उगाळत बसत नाही.

मला बोलायचंय ते घर मिळाल्यानंतरच्या अकरा महिन्यांबद्दल. वीस ठिकाणी नकार ऐकून एकविसाव्या ठिकाणी होकार मिळाला की माणूस इतका आभारी होतो, की त्या आभारापोटी काय काय सोडून देतो याचा हिशोब कोणी करत नाही. दाराची किल्ली सोडतो. पाहुणा सोडतो. फ्रिजमधला डबासुद्धा सोडतो.

पुण्यात एका बंगल्याच्या मागच्या बाजूला मी वन आरकेत राहत होते. करारनामा रीतसर नोंदवलेला होता. तोंडी अटी वेगळ्या होत्या आणि त्या किल्ली हातात देताना सांगितल्या गेल्या. मटण-मच्छी शिजवायची नाही, आठनंतर कोणी यायचं नाही, पाहुणे मुक्कामाला नकोत. करारात यातली एकही नव्हती, ते मी तिथेच विचारलं. "अगं, ते काय लिहायचं असतं का, तू आमच्या घरच्यासारखीच," असं उत्तर मिळालं.

घरच्यासारखी असल्यामुळे तिसऱ्या महिन्यात मी लॅबमधून परतले तेव्हा ओट्यावरचे डबे हललेले होते. काकू म्हणाल्या, गॅसचा वास आला म्हणून बघून गेले. दुसऱ्यांदा नळ गळतोय का ते बघायला आल्या होत्या. तिसऱ्यांदा कारणच नव्हतं, फक्त कपाटावरचं कुराण दुसऱ्या बाजूला ठेवलेलं होतं आणि फ्रिजचं दार नीट लागलेलं नव्हतं.

मग अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. उदगीरहून ती पुण्याला आली. ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालायचं होतं आणि आठ दिवसांनी पुन्हा तपासणी होती. चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. "अजून किती दिवस? नाही, म्हणजे मला अनुभव आहे, तुमच्यात एक आला की मागून दहा येतात." फोन स्पीकरवर होता, कारण माझ्या हातात ड्रॉप्स होते. अम्मीने काळ्या चष्म्याआडून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी जाते उद्याच्या गाडीने. तू खोली सांभाळ."

एका डोळ्याला नुकतीच लेन्स बसवलेली बाई पुणे ते उदगीर एसटीने एकटी जायला तयार होते, कारण मुलीची खोली जाईल. या भीतीवर घरमालकांचा सगळा कारभार चालतो. अम्मीला मी जाऊ दिलं नाही. काकांना मी त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून कळवलं, आणि जे लिहिलं ते काही माझ्या मनचं नव्हतं, ते कायद्यात आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम २८ एवढंसं आहे, पण ते प्रत्येकाने वाचून ठेवावं. घरमालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, हे ते मान्य करतं. पण दोन अटी घालतं: वेळ वाजवी हवी आणि आधी सूचना दिलेली हवी. म्हणजे घर त्याच्या मालकीचं आहे हे गृहीत धरूनच कायद्याने त्याला आधी कळवून ये असं सांगितलंय. "माझंच घर आहे, मला कोण विचारणार" याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

आता इथे एक युक्तिवाद हमखास येतो, आणि तो ऐकून भल्याभल्यांची बोबडी वळते. "तू भाडेकरू नाहीसच. आपलं लिव्ह अँड लायसन्स आहे." अर्धं खरं आहे. लायसन्स म्हणजे १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार वापरण्याची परवानगी, त्यातून जागेत हितसंबंध तयार होत नाही, आणि जुन्या भाडेकरूला जे संरक्षण आहे ते लायसन्सवाल्याला नाही. मुदत संपली की निघावं लागतं. नाही निघालो तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते. याबद्दल कोणी तुम्हाला खोटा धीर देत असेल तर ऐकू नका. पण कलम २८ मध्ये भाडेकरूबरोबर लायसन्सवर राहणाऱ्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. मुदत चालू असेपर्यंत दारावर टकटक करण्याची सक्ती दोघांसाठी सारखीच.

दुसरं कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणखी महत्त्वाचं असं, की नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची गरज नाही" हे एजंटांचं पाठांतर महाराष्ट्रात चालत नाही. दुसरीकडे, करार नोंदवलेला असेल तर त्यात नसलेली तोंडी अट पुढे करून तुम्हाला बाहेर काढणं घरमालकाला सोपं नाही. हे उलटही लागू आहे. "शाकाहारीच शिजवावे" असं लिहिलेल्या कागदावर तुम्ही सही केली असेल तर ती अट तुमच्यावर आहे. मला ती अट संतापजनक वाटते, पण सही करून मग गुपचूप मोडण्यापेक्षा सही करण्याआधी तोंड उघडणं बरं.

पाहुण्यांबद्दल या कायद्यात वेगळं कलमच नाही. आहे ते पोटभाडेकरूबद्दल. जागा किंवा तिचा भाग परस्पर दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण आई पोटभाडेकरू नसते. मुलाखतीसाठी लातूरहून आलेला आणि दोन रात्री जमिनीवर गादी टाकून झोपलेला मामेभाऊ पोटभाडेकरू नसतो. तो भाडं देत नाही, त्याचा खोलीवर ताबा नाही, तो जाणारच आहे. इफ्तारीला आलेल्या चार मैत्रिणी तर कोणत्याच कलमात बसत नाहीत. हां, मामेभाऊ सहा महिने राहिला, वन आरकेत पाच जण झाले, रात्री दोन वाजता जिन्यात गोंधळ झाला, पाण्याची टाकी रोज रिकामी व्हायला लागली, तर घरमालकाची तक्रार खरी आहे आणि ती आपण ऐकली पाहिजे. आपल्यातली काही पोरं एका नावावर खोली घेऊन आठ जण राहतात आणि मग धर्माच्या नावाने ओरडतात. त्यांची वकिली मी करणार नाही.

मग "पोलिसांनी सांगितलंय" हे अस्त्र निघतं. आपल्यावर ते सगळ्यात जास्त चालतं, का ते सांगायला नको. पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात, ते भाडेकरूची माहिती ठाण्याला कळवण्याबद्दल असतात, आणि कळवायचं काम घरमालकाचं असतं. तुमची माहिती, ओळखपत्र, फोटो द्या, जरूर द्या, आणि ती नोंद झाल्याची पोच स्वतःकडे ठेवा. त्या नोंदीचा तुमच्या आईच्या मुक्कामाशी संबंध नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या वहीत पाहुण्याचं नाव लिहिणंही ठीक आहे, सगळ्यांचं लिहीत असतील तर. फक्त बुरखा दिसला की वही बाहेर येत असेल तर ती वही कशासाठी आहे ते सेक्रेटरींना लेखी विचारा.

या सगळ्यात मला सगळ्यात घातक वाटतो तो "काका" हा शब्द. आपल्याकडे घरमालकाला काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणायची पद्धत आहे, चांगलीच पद्धत आहे. पण हे नातं एका बाजूनेच चालतं. काकूंना माझ्या खोलीत न विचारता यायला नातं पुरत होतं. माझ्या आईला आठ दिवस राहायला तेच नातं अपुरं पडलं. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापताना तर कोणी काका नव्हतं. मी त्यांना शेवटपर्यंत काकाच म्हटलं आणि "अहो" करूनच बोलले, त्यात काही बिघडत नाही. पण लिहिताना "काका" वर लिहून खाली कलमाचा आकडाही लिहिता येतो.

आता आपल्या घरात येऊ, कारण हे फक्त पेठेतल्या बंगल्यांचं दुखणं नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून माणसं मुंब्र्याला गेली, एकेका मजल्यावर मजले चढले. पुण्यात कोंढवा वाढला. "आपल्यांत" राहायला गेलं की हा जाच संपेल, असं वाटतं. नावाचा जाच संपतो. दाराचा संपत नाही. आपल्या मोहल्ल्यातले घरमालक, त्यातले काही पाच वेळा मशिदीत दिसणारे, नोकरी करणाऱ्या एकट्या मुलीच्या खोलीची किल्ली स्वतःकडे ठेवतात. तिच्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं, हे तिच्या अब्बांना गावी फोन करून सांगतात. मुलांच्या खोल्यांत कोण येतं ते विचारत नाहीत. आणि हे सगळं "बेटी, तुझ्याच भल्यासाठी" म्हणून. मला तिकडच्या काकांत आणि इकडच्या चाचांत फरक दिसत नाही. उलट चाचांना तर सबब कमी आहे.

कारण दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय जाऊ नका आणि परत जा म्हटलं तर परत जा, हा हुकूम सूरे नूरच्या २७ आणि २८ व्या आयतींत आहे. मदरशात तो लहानपणी शिकवतात. तीनदा इजाजत मागावी, नाही मिळाली तर मागे फिरावं, ही हदीस तर भिंतीवरच्या कॅलेंडरवरही छापतात. चाचा म्हणतील, पण घर माझं आहे. फिकहमध्ये भाड्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात. त्यात वस्तू मालकाचीच राहते, पण ठरलेल्या मुदतीपुरता तिचा वापर मोबदला देणाऱ्याला विकला जातो. म्हणजे मुदतीत ते राहतं घर तिचं, इजाजत तिच्याकडे मागायची. मुंब्र्याच्या चाचांना महाराष्ट्र सरकारचं कलम २८ नको असेल तर त्यांनी हे घ्यावं. दोन्हीकडून दार वाजवावंच लागतं.

हे सगळं बोललं की एक सूज्ञ माणूस हमखास उठतो आणि म्हणतो, अशी भांडणं करत राहिलात तर उद्या मुसलमानाला कोणी खोलीच देणार नाही. या वाक्याचा मी बराच विचार केला आहे, कारण ते माझ्या मोठ्या मामूंचंही आहे आणि मामू मूर्ख नाहीत. पण ते वाक्य नीट बघा. एका मराठे किंवा ब्राह्मण मुलाने घरमालकाला "आधी फोन करून या" म्हटलं, तर उद्या त्याच्या जातीला कोणी खोली देणार नाही असं त्याचा मामा म्हणतो का? त्याने भांडण केलं तर ते त्याचं भांडण असतं. आपण केलं तर ते सगळ्या कौमचं होतं, आणि ही वाटणी घरमालकाच्या आधी आपणच करतो. शिवाय ज्यांनी मान खाली घालून अकरा-अकरा महिने काढले त्यांच्यामुळे पुढच्याला खोली मिळणं सोपं झालं, असंही मला कुठे दिसत नाही. पुढच्याला फक्त तयार अटींची यादी मिळते, आणि "आधीची मुलगी तर काही बोलत नव्हती" हे प्रमाणपत्र.

माझं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं भाषण होईल. मेसेजनंतर काकांनी उत्तर दिलं नाही. अम्मी ठरल्याप्रमाणे तपासणी करून गेली. त्यानंतर माझ्या मागे खोलीत कोणी आल्याची खूण मला दिसली नाही. आणि मुदत संपताना "मुलाला खोली लागतेय" म्हणून करार पुढे वाढवला गेला नाही. दोन महिने पुन्हा खोल्या शोधल्या. हे नुकसान खरं आहे, ते कलम २८ भरून देत नाही. पण नवीन खोलीच्या करारात मी दोन ओळी घालून घेतल्या, आणि एजंटाने आधी कपाळाला हात लावला तरी घरमालकीणबाईंनी वाचून सही केली. त्या स्वतः दहा वर्षं भाड्याने राहिलेल्या निघाल्या.

त्या दोन ओळी अशा. एक, तातडीचा प्रसंग, म्हणजे आग, गॅस किंवा पाण्याची मोठी गळती, सोडून घरमालक किमान २४ तास आधी व्हॉट्सॲप किंवा मेसेजवर कळवून, दिवसाउजेडी, राहणारी व्यक्ती हजर असताना जागेत येतील. दोन, राहणाऱ्या व्यक्तीचे नातेवाईक व पाहुणे एका वेळी पंधरा दिवसांपर्यंत राहू शकतील, त्याहून जास्त असल्यास कळवलं जाईल. २४ तास हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये तोच आहे, आणि सूर्योदयाआधी व सूर्यास्तानंतर प्रवेश नाही हेही त्यात आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही, म्हणून तो घरमालकाच्या तोंडावर फेकू नका. पण "वाजवी म्हणजे किती" असा वाद झाला तर केंद्र सरकारला काय वाजवी वाटलं ते दाखवता येतं.

करार आधीच झाला असेल आणि कोणी किल्ली लावून येत असेल, तर पहिल्याच वेळी लिहा, चौथ्या वेळेची वाट बघू नका. तारीख, वेळ, काय हललेलं दिसलं, आणि "कलम २८ प्रमाणे यापुढे आधी कळवून यावे" एवढंच. रागाचा एकही शब्द नको, कारण तो मेसेज पुढे कोणीतरी तिसरा माणूस वाचणार आहे. त्यानंतरही थांबलं नाही, धमकावणं किंवा त्रास देणं हाच हेतू दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमण हा गुन्हा आहे. लायसन्सवरच्या जागेत ताबा कोणाचा यावर समोरचा वकील वाद घालेल, तेव्हा ठाण्यात जाण्याआधी आपल्या वकिलाला विचारा. वकील परवडत नाही असं मुलींनी तरी म्हणू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. जाताना नोंदणीकृत कराराची प्रत, भाडं भरल्याचे बँकेचे उतारे आणि ते मेसेज छापून न्या.